लाळेतील अमायलेजची क्रिया कशी मोजावी

लाळेतील अमायलेज हे विकर (एन्झाइम) पिष्टातील (स्टार्चमधील) ग्लुकोजच्या लांब साखळ्या तोडून त्यांचे मुख्यतः माल्टोजमध्ये रूपांतर करते. आयोडीन पिष्टाबरोबर गडद निळा रंग देते आणि माल्टोजबरोबर देत नाही. त्यामुळे निळा रंग नाहीसा होण्यास लागणारा वेळ हेच या प्रयोगातील मोजमाप होय.

एक ग्रॅम पिष्ट थोड्या थंड पाण्यात कालवून ते उकळत्या पाण्यात ढवळत ओतावे, एकूण द्रावण 100 मिलिलिटर करावे आणि निववावे. उकळणे टाळू नये, कारण कच्च्या पिष्टाचे कण फुगल्याशिवाय विकराला आतील साखळ्या सहजी सापडत नाहीत. चूळ भरून स्वतःची लाळ घ्यावी व दहापट विरल करावी. विकराचे प्रमाण माणसागणिक बदलते, म्हणून सर्व नळ्यांसाठी एकच नमुना वापरावा.

चार परीक्षानळ्यांत प्रत्येकी 5 मिलिलिटर पिष्टद्रावण आणि 6.8 सामूचे (pH) 1 मिलिलिटर बफर, म्हणजे सामू स्थिर राखणारे द्रावण, घ्यावे. त्यात चिमूटभर मीठ असावे, कारण क्लोराइड आयनांनी हे विकर अधिक क्रियाशील होते. पहिली नळी बर्फात आणि उरलेल्या तीन 37 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवाव्यात. पहिल्या दोन नळ्यांत त्या-त्या तापमानाला आणलेली लाळ, तिसरीत दहा मिनिटे उकळून निवलेली लाळ आणि चौथीत नुसते पाणी, प्रत्येकी 1 मिलिलिटर घालावे.

आता दर 30 सेकंदांनी प्रत्येक नळीतील एक थेंब पांढऱ्या टाइलवरील आयोडीनच्या ताज्या थेंबात मिसळावा. आयोडीन थेट नळीत ओतू नये आणि थेंब गरम असताना निष्कर्ष काढू नये, कारण उष्णतेनेही निळा रंग फिका पडतो. 37 अंशांच्या दुसऱ्या नळीत रंग निळ्यावरून जांभळा, मग डेक्स्ट्रिनांमुळे (पिष्टाच्या अर्धवट तुटलेल्या साखळ्यांमुळे) तांबूस होत जाऊन अखेर आयोडीनचा पिवळसरपणा तेवढा उरतो. ती वेळ नोंदवावी. तिचा व्यस्तांक (1 ÷ वेळ) म्हणजे क्रियेचा सापेक्ष वेग. पहिल्याच थेंबात रंग गेला, तर लाळ आणखी विरल करून प्रयोग पुन्हा करावा.

बर्फातील आणि उकळलेल्या लाळेच्या नळ्या निळ्याच राहिल्या, की दोन्हींपुढे ‘क्रिया नाही’ असे लिहून वही मिटण्याची घाई होते. माझ्या मते खरा प्रयोग येथूनच सुरू होतो. बर्फातील नळी 37 अंशांच्या पाण्यात हलवावी आणि दोन्हींची तपासणी चालू ठेवावी. थंडीने रेणूंची हालचाल केवळ मंदावलेली असल्याने पहिली नळी लवकरच रंग सोडू लागते. उकळलेल्या लाळेत मात्र प्रथिनाची घडीच उलगडलेली असल्याने तिसरी निळीच राहते. पाण्याची चौथी नळीही रंग सोडू लागली, तर ड्रॉपरमधून लाळ तिच्यात गेली असे समजून सर्व नळ्या नव्याने भराव्यात.