कॉम्प्रेसरखाली रबर टाकण्याआधी फेरे मोजा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा गाळा आहे. भिंतीपलीकडे अण्णांचं तपासणीचं काम चालतं. आमचा कॉम्प्रेसर सुरू झाला की त्यांच्या डायल गेजची, म्हणजे अगदी बारीक मापं दाखवणाऱ्या उपकरणाची, सुई थरथरायची. "अरे, मी इथं मायक्रॉन मोजतोय, भूकंप नाही," असं ते एकदा दारात येऊन बोलले. मी लगेच जाड रबरी पॅड आणले आणि चारही पायांखाली सरकवले. सुई आणखीच नाचायला लागली!

कारण कळायला मला महिना लागला. पॅड असो की स्प्रिंग, तिच्यावर यंत्र बसवलं की त्या जोडीची स्वतःची डोलायची गती ठरते. तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. मिरवणुकीत नाशिक ढोल जवळून जातो तेव्हा एखादीच काच झणझणते, बाकीच्या गप्प असतात. त्या काचेची गती आवाजाशी जुळलेली असते. माझंही तेच झालं होतं.

ही गती काढायला महाग उपकरण लागत नाही. यंत्राचा भार आल्यावर पॅड किती मिलिमीटर दबला ते व्हर्नियरने मोजा. त्याचं वर्गमूळ काढा आणि 15.8 ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे, असं येतं. माझा पॅड दीड मिलिमीटर दबला होता, म्हणजे सुमारे 13 हर्ट्झ. (चालत्या यंत्राखाली रबर जरा कडक वागतं, त्यामुळे खरा आकडा थोडा वरच.)

आता यंत्राची गती. मोटरच्या पाटीवर मिनिटाला 1440 फेरे लिहिलेत, 60 ने भागले की 24 हर्ट्झ. मी तेवढंच धरून चाललो होतो. पण पिस्टनचा हेलकावा फ्लायव्हीलच्या फेऱ्याने येतो, आणि पट्ट्यावरचं ते मोठं चाक 720 नेच फिरतं. म्हणजे 12 हर्ट्झ. तिकडे 12, इकडे 13! दोन गती अशा जुळल्या की हेलकावा वाढत जातो, त्याला अनुनाद म्हणतात; पैसे देऊन मी तोच विकत आणला होता. यंत्रात जे सगळ्यात हळू फिरतं, हिशोब त्याचा धरा.

यंत्राची गती नैसर्गिक वारंवारतेच्या 1.41 पटीच्या पुढे गेली तरच जमिनीत जाणारं कंपन कमी होऊ लागतं. तिप्पट असेल तर साधारण आठवा हिस्साच खाली उतरतो. म्हणून मला नैसर्गिक वारंवारता 12 च्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, 4 हर्ट्झ हवी होती, म्हणजे जवळपास 16 मिलिमीटर दबणं. साधा रबरी पॅड एवढा दबत नाही, स्प्रिंगच लागते.

वजन 240 किलो, पाय चार, म्हणून प्रत्येकी 60 असं धरू नका. एकेक पाय जॅकने जेमतेम उचलून वजनकाट्यावर टेकवला, तर मोटरकडचे दोन 70 चे आणि पलीकडचे 50 चे निघाले. म्हणून मोटरकडे मिलिमीटरला 4.4 किलोची स्प्रिंग, पलीकडे 3.1 ची. चारही सारख्याच दबल्या पाहिजेत, नाहीतर यंत्र तिरकं बसतं.

हवेचा पाइप कडक लोखंडी ठेवलात तर सगळं फुकट, कंपन त्याच वाटेने भिंतीत जातं. तिथे रबरी होज घाला, वायरही थोडी सैल सोडा.

ठोसा मारणाऱ्या प्रेस यंत्राच्या धक्क्याचं गणित वेगळं. त्याला थांबायला जागा लागते. दिंडोरीच्या द्राक्षांचा क्रेट 30 सेंटीमीटरवरून पडला आणि 3 सेंटीमीटरमध्ये थांबला, तर सरासरी मंदन, म्हणजे वेग उतरण्याचा दर, गुरुत्वाच्या 10 पट. 3 मिलिमीटरमध्ये थांबला तर 100 पट, मग द्राक्षांचा रसच. म्हणून प्रेसखाली पॅड घेताना तो किती दबू शकतो हे आधी विचारा.

आणि एक. स्प्रिंगवरचा कॉम्प्रेसर बंद होताना दोन-तीन सेकंद जोरात हेलकावतो, कारण वेग उतरताना 4 हर्ट्झवरून जातो. हलणं हाताबाहेर जाऊ नये म्हणून बाजूला अडणीचे बोल्ट असतात, ते यंत्राला न टेकता थोडे सैलच ठेवायचे. आमच्या फिटरने ते हेलकावे पाहिले आणि चारही बोल्ट गच्च आवळून टाकले. संध्याकाळी अण्णा पुन्हा दारात.