बॅटरी उतरल्यावर या चुका टाळा: आधी मीटर, मग पाना

गणपतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आमच्या चिपळूणच्या गॅरेजचा फोन वाजायला लागतो. मुंबईहून आलेली गाडी अंगणात उभी असते, बाजारात जायला म्हणून चावी फिरवावी तर नुसतं 'टिक'. बॅटरी उतरली याचं मला काही वाटत नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरतेच. जीव तुटतो तो पुढच्या अर्ध्या तासात माणसं जे काही करतात ते बघून. वाडीतला कुणीतरी "थांबा, मला येतं" म्हणत पुढे होतो, आणि जे काम रात्रभर चार्जिंगला लावून सुटलं असतं ते वायरिंग उघडण्यावर येतं.

गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामात मला 22 वर्षं झाली. चुका त्याच, फक्त गाड्यांची मॉडेलं बदलली.

बॅटरी बदलली, सेल्फ बदलला, गाडी तशीच

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो.

गुहागरकडचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांची छोटी पेट्रोल गाडी दहा वर्षांची. सकाळी सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मारला की जड ओढायचा, कधी नुसताच टिकटिकायचा. जवळच्या एकाने सांगितलं, बॅटरी गेली. नवी टाकली. आठ दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग म्हणाला, सेल्फ दमलाय. सेल्फ बदलला. तरी तेच. तिसऱ्या फेरीत "बॅटरीच खराब लागली असेल" म्हणून आणखी एक बॅटरी आली. दोन बॅटऱ्या आणि एक सेल्फ एवढा पेन्शनीतला पैसा घालवून गुरुजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अरे, आता गाडीच विकू का?"

मी बोनेट उघडून पहिल्यांदा व्होल्ट मोजायचा मीटर लावला. बॅटरी उभ्या-उभ्या 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. गुरुजींना सेल्फ मारायला सांगितला. बॅटरीच्या खांबांवर 11.3 दिसले, इंजिन मात्र जेमतेम फिरत होतं. बॅटरी द्यायला तयार आहे, पण सेल्फपर्यंत पोहोचत नाही, एवढं इथेच कळलं. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर धरलं आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या धातूवर. पुन्हा सेल्फ. इथे 0.2 व्होल्टच्या आत आकडा यायला हवा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की समजायचं अर्थिंगमध्ये, म्हणजे करंटच्या मायनसकडे परतायच्या वाटेत, दोष आहे. मला 2.1 दिसले.

तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "क्लचही हल्ली फार जड झालाय." मी क्लच केबलला हात लावला, ती गरम! इंजिनची अर्थिंगची पट्टी काम करत नव्हती, त्यामुळे सेल्फचा करंट क्लच केबलच्या तारेतून बॉडीकडे परत जात होता. आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तार अडकायला लागली होती.

खात्री करायला मी जंपर केबलची एकच वायर घेतली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसवर, दुसरा इंजिनच्या हुकावर. गुरुजींनी चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

पट्टी बाहेरून चांगली दिसत होती. रबराचं आवरण चाकूने चिरलं तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी. खारा वारा आणि चार महिने पाऊस, दुसरं काय होणार? नवी पट्टी काही शे रुपयांची. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला, पट्टी आवळली, वर पेट्रोलियम जेली लावली. क्लच केबल मात्र बदलावी लागली. पहिल्याच दिवशी कुणी पाच मिनिटं मीटर धरला असता तर ती केबलही वाचली असती.

साधा डिजिटल मीटर पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. तो न घेता पार्ट बदलत सुटणाऱ्यांशी माझं पटत नाही. पार्ट बदलून बघणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून अंदाज बांधणं.

आकडे पाठ करा, फार नाहीत. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली घसरू नये. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 च्या दरम्यान. गाडी बंद केल्या-केल्या मोजाल तर बॅटरी खोटं बोलते, आकडा वर दाखवते. थांबायला वेळ नसेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, मग मोजा.

चालू गाडीचा टर्मिनल काढून 'डायनामो तपासणं'

जंप देऊन, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून, गाडी सुरू झाली की कुणीतरी पाना घेऊन मायनस टर्मिनल काढायला धावतो. गाडी चालू राहिली तर डायनामो (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) चांगला, बंद पडली तर गेला, असं हे जुनं शास्त्र. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या जमान्यातल्या मिस्त्रींकडून ते आलं. त्या गाड्यांत जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नव्हतंच, म्हणून ते चालून जायचं.

आजच्या गाडीत डायनामोचं काम अल्टरनेटर करतो, तो भरात करंट देत असतो, आणि उतरलेल्या बॅटरीला तर तो जास्तच देतो. अशा वेळी बॅटरी अचानक सुटली की त्या करंटला जायला जागा उरत नाही आणि क्षणभर व्होल्टेज उसळी मारतं, 14 वरून कितीतरी पट वर. बॅटरी ही उशीसारखी सगळे धक्के झेलत असते, आणि तुम्ही तीच काढून घेता. मग कधी अल्टरनेटरचे डायोड जातात, कधी ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), कधी डॅशबोर्डवरचं मीटर कन्सोल. सगळ्यात वाईट म्हणजे कधी लगेच काहीच होत नाही, आणि महिन्याभराने ब्रेकच्या एबीएसचा दिवा विनाकारण पेटायला लागतो.

माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच बजावतो: इंजिन चालू असताना टर्मिनलला हात लावायचा नाही. डायनामो तपासायचा तर मीटर खांबांवर ठेव, हेडलाइट लाव, एसी लाव, आकडा 13.5 च्या वर टिकतो का बघ. एका मिनिटाचं काम.

जंप देतानाच्या चुका

लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसवर, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसवर. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसवर, आणि शेवटचा काळा उतरलेल्या गाडीच्या इंजिनवर, उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून लांब. काढताना उलट क्रमाने. जोडल्याबरोबर सेल्फ मारू नका, पाच-दहा मिनिटं थांबा. घाईने पातळ केबलवर सेल्फ मारत राहिलं की केबल तापते, गाडी हलत नाही, आणि दोष बॅटरीला.

ट्रककडून जंप घेऊ नका. मोठ्या ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची असते, 12-12 च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या. परशुराम घाटाच्या अलीकडे एका कुटुंबाची गाडी रात्री बंद पडली होती. ट्रकवाला मदतीच्या भावनेने थांबला आणि त्याने दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना केबल लावली. बल्ब एकदम पांढरे पेटले, जळका वास आला, आणि सगळं थंड. माझ्याकडे गाडी आली तेव्हा म्युझिक सिस्टिम, अल्टरनेटरचा रेग्युलेटर आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, लॉक, काचा सांभाळणारा कॉम्प्युटर) गेलेलं होतं. मदत करणाऱ्याला दोष देववत नाही, पण जोडण्याआधी बॅटरीवरचा आकडा वाचायला हवा होता.

उलटी केबल लागली आणि मेन फ्यूज उडाला तर तो फ्यूज म्हणजे तुमचं नशीब. त्या जागी तार घालून 'डायरेक्ट' करणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. त्याने गाडी पेटते.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतही 12 व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. तिच्यावरून दुसऱ्याची गाडी सुरू करू नका, ती सेल्फ ओढण्यासाठी बनलेलीच नाही.

दिवे दिसले की स्कॅनरकडे धाव

व्होल्टेज कमी झालं की एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे सगळे दिवे एकदम पेटतात. माणूस घाबरतो आणि बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरकडे धावतो. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, गाडी थोडी चालवा, मग काय उरतं ते बघा. बहुतेक दिवे जातात. स्टिअरिंगचा दिवा राहिला तर गाडी चालू ठेवून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा, बऱ्याच गाड्यांत तेवढं पुरतं. काच एका टचला वर जात नसेल तर बटण ओढून काच पूर्ण वर न्या आणि तसंच काही सेकंद धरून ठेवा. हे बिघाड नाहीत, गाडी विसरलेली असते. अशा कामाचे पैसे कुणी घेतले तर मला संताप येतो.

जागेवर दहा मिनिटं रेस केली, झालं चार्जिंग

नाही झालं. पार उतरलेली 35 अँपिअर-अवरची बॅटरी भरायला चार्जरवर साडेतीन अँपिअरने रात्र लागते. अल्टरनेटर हा भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी आहे, मेलेली जिवंत करण्यासाठी नाही.

रोज उतरते, मग करंट कोण खातंय?

गाडी बंद असतानाही घड्याळ, लॉक, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) मिळून 0.02 ते 0.05 अँपिअर खातात, ते चालतं. एक गाडी आली होती तिच्यात आकडा होता 0.6. दिवसाला 14 अँपिअर-अवरच्या वर! तिसऱ्या दिवशी गाडी सुरू कशी होणार? नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिमची लाल आणि पिवळी वायर बसवणाऱ्याने एकत्र पिळून कायमच्या प्लसला जोडली होती. पिवळी मेमरीची, ती कायमच्या प्लसलाच हवी. लाल चावीवर चालायला हवी.

मोजताना मायनस टर्मिनल काढा, मीटरची वायर 10 अँपिअरच्या भोकात लावून मीटर काढलेला टर्मिनल आणि बॅटरीचा मायनस खांब यांच्या मध्ये जोडा. माझी सवय अशी की मीटरआधी 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब मध्ये लावून बघायचा. लख्ख पेटला तर मोठा दोष आहे, मीटर जोडायचाच नाही. नाही पेटला तर मीटर. आणि मग थांबा. इथेच नवशिक्यांचा धीर सुटतो. दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, चावी लांब ठेवा आणि अर्धा तास गाडीला हात लावू नका. मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, झोपायला तेवढा वेळ घेतात. दोन मिनिटांत मोठा आकडा बघून "ईसीएम करंट खातोय" असं ठरवणारे मी पाहिलेत. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो.

2021 च्या जुलैमध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्यांनी हा धडा फार दिवस दिला. धुऊन, वाळवून सुरू झालेल्या गाड्या सहा-सहा महिन्यांनी रोज बॅटरी उतरवायला लागल्या. कार्पेटखालचे कनेक्टर उघडले तर पिना हिरव्या. पूर पाहिलेली गाडी असेल तर शोध तिथूनच सुरू करा.

आणि यंदा गाडी दहा दिवस अंगणात उभी राहणार असेल तर 10 नंबरच्या पान्याने मायनस टर्मिनल काढून कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवा. त्याआधी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का ते बघून घ्या. चावी मात्र डिक्कीत टाकून झाकण लावू नका, बऱ्याच गाड्यांची डिक्की बॅटरीशिवाय बाहेरून उघडत नाही.