गिटार कंपनीसाठी मार्केट रिसर्च करताय? या चुका टाळा

नवं मॉडेल काढायचं ठरलं की कंपनीचा पहिला गूगल फॉर्म जातो तो गिटारवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. उत्तरं भराभर येतात: सॉलिड टॉप (प्लायऐवजी अखंड लाकडाची वरची फळी) हवा, हाडाचं नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) हवं, आणि किंमत आठ हजारांच्या आत हवी. त्या यादीवरून मॉडेल ठरतं आणि दुकानात पडून राहतं, कारण पहिली गिटार घेणारं घर त्या ग्रुपवर नसतंच. तिथे पैसे वडील देतात, मॉडेल क्लासचे सर सुचवतात आणि वाजवते मुलगी. तिघांना वेगळं विचारावं लागतं.

फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने हे वेळेवर ओळखलं. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी जाहीर मुलाखतींत सांगितलं होतं की विकल्या जाणाऱ्या गिटारींपैकी सुमारे 45 टक्के पहिल्यांदाच शिकणाऱ्यांकडे जातात, त्यातले 90 टक्के वर्षभरात वाजवणं सोडतात, आणि जे 10 टक्के टिकतात ते जन्मभर खरेदी करत राहतात. नव्याने शिकणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया असल्याचंही त्यांच्या पाहणीत दिसलं. 2017 मध्ये त्यांनी फेंडर प्ले ही ऑनलाइन शिकवणी सुरू केली. हे आकडे पुण्या-नाशिकला जसेच्या तसे चिकटवू नका, पण प्रश्न तोच घ्या: सोडलं कोणी, कधी आणि का?

सोडणाऱ्यांना फोनवर विचारलं तर "वेळ मिळाला नाही" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून घरी जा आणि गिटार बाहेर काढायला सांगा. स्टीलची पट्टी सोबत ठेवा आणि बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, तारेची उंची मोजा. जाड तारेखाली साधारण अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर असेल तर वाजवणं सुसह्य असतं. स्वस्त गिटारींत चार मिलिमीटरही सापडतात. मग तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. तिथे कागदाएवढी फट हवी. जास्त असेल तर नटच्या खाचा उथळ राहिल्या आहेत, आणि एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचा) त्या मुलीला कधीच लागला नसणार. झीज फक्त पहिल्या तीन फ्रेटवर दिसली तर ती कुठे थांबली हेही कळतं. फॉर्मवर ही तक्रार "बोटं दुखतात" अशी उतरते. कंपनी ते वाचून बारीक तारा लावते आणि दुखणं तसंच राहतं, कारण दोष खाचांचा होता. असली वीस घरं पाहिली की हजार फॉर्मपेक्षा जास्त कळतं. ज्यांना एवढी पायपीट नको, त्यांनी या कामात पडू नये.

दुसरी आवडती चूक म्हणजे काहींची मागणी सगळ्यांवर लादणं. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी गिटार कंपनीचं उदाहरण बोलकं आहे. 2007 मध्ये त्यांनी स्वतःच सूर जुळवणारी रोबॉट गिटार काढली. ज्याला हवी त्याने ती घेतली, बाकीच्यांनी साधी घेतली. 2015 च्या मालिकेत मात्र जी-फोर्स ही स्वयंचलित खुंट्यांची यंत्रणा बहुतेक अमेरिकी इलेक्ट्रिक मॉडेलांवर सरसकट बसवली. सोबत नेक (मान) रुंद केला, पितळी झीरो-फ्रेट नट आणलं आणि किमती वाढवल्या. जुनी गिऱ्हाइकं बिथरली. 2016 ची मालिका ट्रॅडिशनल आणि हाय परफॉर्मन्स अशी दोन भागांत आली. 2018 च्या दिवाळखोरीचं खापर मात्र या खुंट्यांवर फोडू नये. तिथे मुख्य ओझं इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यासाठी काढलेल्या कर्जाचं होतं.

सूर न जुळणं ही नवशिक्याची अडचण आहे. गिब्सनच्या लेस पॉलसारख्या महागड्या गिटारवर पैसे घालणाऱ्याला ती बहुधा नसते. म्हणून प्रत्येक मागणीपुढे तीन गोष्टी लिहायची शिस्त मी पाळतो: मागणारा कोण, त्याच्याकडे आज कितीची गिटार आहे, आणि ही अडचण तो आज कशी सोडवतो. फोनवरच्या फुकट ट्यूनरने काम भागत असेल, तर त्या मागणीसाठी कारखान्यात साचा बदलू नका.

नमुना गिटारींची चाचणी घेताना तर हमखास घोळ होतो. आपल्या मॉडेलवर कोऱ्या तारा आणि स्पर्धकाच्या मॉडेलवर दुकानात गंजलेल्या! अशा चाचणीतून तारांची परीक्षा होते, गिटारची नाही. सगळ्यांवर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या तारा आदल्या दिवशी चढवा, अ‍ॅक्शन (तारांची उंची) सारखी करा, हेडस्टॉकवरचं (खुंट्या असलेल्या टोकावरचं) नाव मास्किंग टेपने झाका, प्रत्येकासाठी क्रम बदला आणि किंमत शेवटपर्यंत सांगू नका. नाव दिसलं की कान बदलतात. लँकेस्टर विद्यापीठाच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा अ‍ॅकूस्टिक गिटारी 52 वादकांना मंद उजेडात, वेल्डरचे गॉगल लावून वाजवायला दिल्या होत्या. ब्राझिलियन रोजवुड, आपला शिसव, महोगनी, मेपल अशा लाकडांच्या गिटारींना जवळपास सारखेच गुण मिळाले. म्हणून "शिसवी गिटारचा आवाज गिऱ्हाइकाला आवडला" हे वाक्य अहवालात लिहिण्याआधी डोळे झाकून चाचणी घेतली होती का, ते बघा.

हवामान विसरू नका. पुण्यात डिसेंबरमध्ये पसंत पडलेली गिटार रत्नागिरीच्या जुलैत टॉप फुगून अ‍ॅक्शन वर नेते, आणि नागपूरच्या मे महिन्यात फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली मानेवरची पट्टी) आकसून फ्रेटची टोकं हाताला लागतात. तीन ठिकाणी प्रत्येकी एक नमुना एक पूर्ण वर्ष ठेवा. घाई असेल तर निदान पावसाळा तरी जाऊ द्या.

"आमची गिटार घ्याल का?" हा प्रश्न फॉर्ममधून काढून टाका, शेवटची गिटार कधी, कुठून, कितीला घेतली आणि कोणती बघून सोडली, ते विचारा.

सरासरी किंमत काढू नका. चार हजारवाले आणि पंचवीस हजारवाले मिळून जो साडेचौदा हजारांचा ग्राहक तयार होतो, तो कुठेच राहत नाही.

ऑनलाइन रिव्ह्यूत एक तारा दिसला की कुरिअरची मोडतोड आधी वेगळी काढा. तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू सर्वांत कामाचे असतात.

दुकानदाराने उचललेला माल म्हणजे खप नव्हे. दुकानात जाऊन सीरियल नंबर लिहून घ्या आणि तीन महिन्यांनी परत जाऊन तेच नंबर शोधा. जे अजून भिंतीवर टांगलेले आहेत, ते विक्रीच्या रकान्यातून खोडा. ही पाहणी परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत केली असेल तर आकडा फुगलेलाच येतो, तेव्हा त्याच दुकानाची बारा महिन्यांची बिलं मागून घ्या. बरेच दुकानदार देतात, फक्त दुपारी गिऱ्हाईक नसताना जावं लागतं.