मैदानातून डगआउटमध्ये : व्यावसायिक फुटबॉलपटूने मॅनेजर कसं व्हावं

पंधरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या माणसाला खेळ कळतो, यात वाद नाही. पण त्याला जे येतं ते बहुतेक त्याच्या एका जागेपुरतं येतं आणि तेही पायाला ठाऊक असतं, तोंडाला नाही. बचावफळी कधी पुढे सरकवायची हे अनुभवी सेंटर बॅकला (मधल्या बचावपटूला) आपसूक कळतं. तेच एखाद्या बेताच्या कुवतीच्या पोराला सरावातून शिकवणं हे निराळं काम आहे आणि ते शिकायला वेळ लागतो. म्हणून तयारी निवृत्तीच्या तीन-चार वर्षं आधी सुरू करावी, शेवटचा करार चालू असतानाच.

लायसन्स आधी, मुलाखत नंतर

युरोपात युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, प्रशिक्षक लायसन्सची उतरंड सी, बी, ए आणि प्रो अशी आहे. प्रशिक्षणाचे किमान तास अनुक्रमे 60, 120, 180 आणि 360. आशियातही पायऱ्यांची नावं हीच आहेत. वरच्या विभागात मुख्य प्रशिक्षक व्हायचं तर प्रो लागतं. ए आणि प्रोच्या मध्ये किमान वर्षभर प्रत्यक्ष काम केलेलं असावं लागतं. काही देशांत दीर्घकाळ खेळलेल्यांसाठी आटोपशीर कोर्स असतात, पण प्रोच्या जागा कमी आणि अर्ज भरपूर. निवृत्त झाल्यावर बी पासून सुरुवात केली तर चार-पाच वर्षं सहज जातात.

कोर्सचं मूल्यमापन तुम्ही स्वतःच्या संघाकडून करून घेतलेल्या सरावावर बरंचसं अवलंबून असतं. हाताशी संघ नसेल तर कोर्स तिथेच अडतो. त्यामुळे आपल्याच क्लबच्या अकादमीत आठवड्याच्या दोन संध्याकाळी मागून घ्या. चौदा वर्षांखालचा गट उत्तम. त्या वयाच्या मुलांना तुमच्या नावाचं अप्रूप पहिल्या आठवड्यापुरतंच असतं, सराव कंटाळवाणा झाला की ती सरळ जांभया देतात.

कागदपत्रांत हयगय नको. 2014 मध्ये फ्रान्सचा माजी खेळाडू झिदान स्पेनमधल्या रेआल माद्रिदच्या राखीव संघाचं काम पाहत होता, पण योग्य लायसन्स नव्हतं. स्पॅनिश महासंघाने त्याच्यावर तीन महिन्यांची बंदी घातली. ती पुढे स्थगित झाली, तरी नव्या माणसाला अशा बातम्या परवडत नाहीत.

पहिली नोकरी

पहिली नोकरी चुका झाकल्या जातील अशा ठिकाणी धरावी. बार्सिलोनाचा माजी खेळाडू ग्वार्दिओलाने 2007-08 मध्ये क्लबचा राखीव संघ स्पॅनिश लीगच्या चौथ्या स्तरावर घेतला आणि वरच्या वर्गात नेला, मग मुख्य संघ. शाबी अलोन्सो आधी रेआल माद्रिदच्या मुलांकडे होता. मग तीन मोसम रेआल सोसिएदादचा राखीव संघ सांभाळला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये तळाशी गेलेल्या लेव्हरकुसेन या जर्मन क्लबला आला. 2023-24 ची बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची वरची लीग, त्या संघाने एकही सामना न हरता जिंकली. आर्सेनलचा मुख्य प्रशिक्षक होण्याआधी आर्तेताने सहायक म्हणून मँचेस्टर सिटीत तीन वर्षं काढली.

उलट उदाहरणंही डोळ्यांसमोर ठेवा. इंग्लंडचा माजी बचावपटू गॅरी नेव्हिल डिसेंबर 2015 मध्ये थेट स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबात गेला, तोवर मुख्य प्रशिक्षक म्हणून कुठेच काम नाही, शिवाय भाषाही परकी. मार्चअखेर त्याला जावं लागलं. इटलीचा माजी खेळाडू पिर्लो तर ऑगस्ट 2020 मध्ये, युव्हेंटसच्या तेवीस वर्षांखालच्या संघासाठी नेमला गेल्यावर जेमतेम दीड आठवड्यात मुख्य संघावर आला. दोन चषक मिळाले, पण लीगची सलग नऊ विजेतेपदं मिळवलेला क्लब चौथा आला आणि नोकरी एका मोसमात संपली. दोघांनाही खेळ कळत नव्हता असं कोण म्हणेल? रोजच्या कामाचा सराव नव्हता, एवढंच.

खेळाडू-मॅनेजर, म्हणजे स्वतः खेळत संघही सांभाळायचा, अशी दुहेरी भूमिका आली तर शक्यतो टाळा. डॅलग्लिशने 1985-86 मध्ये लिव्हरपूलला त्या भूमिकेतून लीग आणि एफए कप दोन्ही दिले, हे खरं. पण तेव्हा बाकावरच्या माणसाला विश्लेषण, पाच बदली खेळाडू आणि ठरावीक चालींचा (कॉर्नर, फ्री किक) इतका पसारा सांभाळावा लागत नव्हता. 2019 मध्ये कोम्पानीने अँडरलेख्ट या बेल्जियन क्लबात हे करून पाहिलं आणि काही सामन्यांतच सामन्याच्या दिवसाची सूत्रं सहकाऱ्याकडे सोपवली.

एक सराव कसा बांधायचा

नवखे इथेच सर्वाधिक घसरतात, कारण खेळाडू म्हणून त्यांनी हजारो सराव केलेले असतात पण एकही आखलेला नसतो. 75 मिनिटांचा एक नमुना घ्या. विषय एकच: प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना मागून चेंडू बाहेर काढणं.

पहिली 15 मिनिटं अंग मोकळं करणं, त्यात चेंडू असलाच पाहिजे. मग 10 बाय 10 मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध दोन: चौघांनी चेंडू आपसात ठेवायचा, दोघांनी हिसकवायचा. तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. त्यानंतर अर्ध्या मैदानावर गोलरक्षकासह सात विरुद्ध पाच. मध्यरेषेवर दोन छोटे गोल लावा. सात जणांनी मागून चेंडू काढत त्यांत गोल करायचा, पाच जणांनी हिसकावून मोठ्या गोलवर मारायचा. चार मिनिटांच्या चार फेऱ्या. शेवटी गोलरक्षकांसह आठ विरुद्ध आठ, साधारण 60 बाय 45 मीटरवर, 20 मिनिटं. उरलेला वेळ पाणी आणि सामान हलवण्यात जातो. तो धरलाच नाही तर शेवटचा खेळ कापावा लागतो, आणि खेळाडू तर त्याचीच वाट पाहत असतात.

चौकोनाचं माप चुकलं की सगळंच बिघडतं. जागा लहान पडली तर दर दुसऱ्या पासला चेंडू जातो आणि पोरं वैतागतात. फार मोठी ठेवली तर बचाव करणारा पोहोचतच नाही, सगळं छान दिसतं आणि सामन्यात काही उपयोग होत नाही. पहिल्या फेरीत सलग सहा-सात पास कुणालाच जमत नसतील तर प्रत्येक बाजू दोन मीटर वाढवा. फार सहज जमत असतील तर कमी करा. हद्द दाखवणारे शंकू हलवायला लाजू नये.

माजी खेळाडूंची दुसरी खोड म्हणजे सारखं थांबवणं आणि स्वतः करून दाखवणं. एका फेरीत फार तर एकदा थांबवा, अर्ध्या मिनिटात बोला आणि चेंडू पुन्हा सुरू करा. तुमचा चाळीस मीटरचा पास बघून कुणाला तो जमत नाही. अंग कसं वळवायचं, आधी कुठे बघायचं हे सांगा.

आठवडा

सामना शनिवारी असेल तर रविवारी खेळलेल्यांना हलका व्यायाम. न खेळलेल्यांना मात्र दणकून सराव द्या, नाहीतर महिन्याभरात अर्धा चमू सामन्याच्या लायक राहत नाही. सोमवारी सुट्टी. मंगळवारी छोट्या जागेतले खेळ, ज्यात वेग घेणं आणि एकदम थांबणं जास्त असतं. बुधवारी मोठं मैदान आणि लांब धावा. गुरुवारी वेळ कमी, वेग जास्त, प्रतिस्पर्ध्यानुसार मांडणी. शुक्रवारी 45 मिनिटं कॉर्नर आणि फ्री किक, मग घरी.

पराभवाचा राग गुरुवारच्या सरावात काढू नका. थकलेले पाय दोन दिवसांत भरून येत नाहीत आणि शनिवारी पहिल्याच दौडीत मांडीचा मागचा स्नायू जातो.

माणसं आणि करार

सहायक निवडताना जुना दोस्त हा निकष पुरेसा नाही. तुम्ही आघाडीवर खेळला असाल तर बचाव शिकवणारा माणूस हवा, आणि तोंडावर नाही म्हणणारा हवा. शिवाय गोलरक्षक प्रशिक्षक, फिटनेस प्रशिक्षक आणि व्हिडिओ विश्लेषक. लहान क्लबला यातले दोनच परवडत असतील तर फिटनेसवाला सोडू नका.

सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: मुदतीआधी काढल्यास भरपाई किती, ती तुमच्या सहायकांनाही लागू आहे का, खेळाडू घेण्या-विकण्यात शेवटचा शब्द कुणाचा, आणि तुम्ही थेट कुणाला उत्तर द्यायचं. तिसरा मुद्दा मोघम राहिला की जानेवारीच्या खरेदी-विक्रीत न मागितलेला आघाडीवीर दारात उभा राहतो.

जुन्याच संघाचा मॅनेजर झालात तर पहिल्या दिवशीच खेळाडूंच्या खाजगी ग्रुपमधून बाहेर पडा. संघातून वगळल्याचं सामन्याच्या आदल्या दिवशी, यादी लागण्याआधी, समोरासमोर सांगा. दोन मिनिटं पुरतात: निर्णय, एक कारण, परत यायला काय करावं लागेल. ‘तू छानच खेळतोयस, पण...’ अशी सुरुवात केली की पुढचं कुणी ऐकत नाही.

मध्यंतराच्या 15 मिनिटांत जाण्यायेण्याचा वेळ वजा जाता हातात दहाच उरतात. पहिली तीन खेळाडूंना श्वास घेऊ द्या आणि तेवढ्यात सहायकांशी बोला. मग दोन मुद्दे, फार तर तीन, जमल्यास दोन व्हिडिओ तुकडे. बदली खेळाडू पाच उतरवता येतात, पण खेळ थांबवून तीनदाच. मध्यंतरातला बदल यात मोजत नाहीत, त्यामुळे शंका असलेला बदल तिथेच उरकून घ्यावा.

नोकरी जाईल हे धरून चाला. युएफाचं लायसन्स तीन वर्षांचं असतं आणि नूतनीकरणासाठी त्या काळात किमान 15 तासांचं पुढचं प्रशिक्षण लागतं. ते रिकाम्या महिन्यांत पुरं करा. त्याच काळात दुसऱ्या क्लबांचे सराव जाऊन बघा, आणि आपल्या शेवटच्या दहा सामन्यांचे व्हिडिओ विश्लेषकासोबत बसून पाहा. पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांच्यावरच येतो.