मृगाचा पाऊस पडला की बांधावर वाकून बघा

धूळवाफ पेरणी उरकली, आता मृगाची वाट. दोन-तीन चांगले पाऊस झाले की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यातल्या जांभ्याच्या माळांवर आणि बांधांच्या कडेला बोटभर उंचीचं एक नेचं (फर्न) वर येतं. शास्त्रीय नाव ओफिओग्लोसम, म्हणजे सापाची जीभ. याच्या काही जाती फार दुर्मिळ आहेत, आणि पावसाळा सरायच्या आत पान पिवळं पडून सगळं जमिनीत गडप होतं.

नेचं म्हटलं की गुंडाळी सोडत येणारी झालरीची पानं डोळ्यांपुढे येतात. हे तसलं नाही. एकच गुळगुळीत पान, मध्ये ठळक शीर नाही. पानाच्या बुडातून एक काडी निघते आणि तिच्या टोकाला मण्यांच्या दोन ओळी. मागच्या आर्द्रात गुडघ्यावर बसून ही काडी मी हळूच टिचकावली, तर मण्यांच्या फटींतून पिवळट धूळ उडाली. तेच याचं बी, म्हणजे बीजाणू. शेजारच्या मामांना दाखवलं तर म्हणाले, "आमच्याच बांधावर, आन् आजवर दिसलं न्हाई!"

बीजाणूतून उगवणारा पहिला जीव हिरवा नसतो. तो मातीतच राहतो आणि तिथल्या बुरशीवर जगतो. पान वर यायला पुढे काही वर्षं जाऊ शकतात. म्हणून एकदा उलथलेली माती लगेच भरून येत नाही. उपटून कुंडीत लावलेलं रोपही बहुधा मरतं, कारण ती बुरशी कुंडीत नसते.

तेव्हा यंदा एवढं करा. रोटाव्हेटर बांधाच्या पोटापर्यंत नेऊ नका, हातभर पट्टी तशीच सोडा. बांधावर तणनाशक मारू नका. नेचं तर जातंच, शिवाय गवताची मुळं मेली की बांध ढिला होतो आणि आषाढातल्या पाण्याने फुटतो, हे आपण दरवर्षी कुठे ना कुठे बघतो. भातात टू-फोर-डी हे तणनाशक मारायचंच असेल तर वारा पडल्यावर, नोझल खाली धरून मारा. घराच्या भरावासाठी माळाची वरची माती जेसीबीने खरवडून नेणं मात्र सगळ्यात वाईट. त्या चार बोटांच्या थरातच हे सगळं आहे.

गुरं हिंडली तर बिघडत नाही, गवत आखूड राहिलं की याला ऊन मिळतं. फक्त एकाच जागी रोज बांधू नका, चिखल होतो. गवताची कापणी नेहमीसारखी दसऱ्यानंतरच करा, तोवर बीजाणू गळून गेलेले असतात.

सापडलं तर चार दगड ठेवून जागा राखा आणि फोटो जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना पाठवा. फोटोत पान आणि मण्यांची काडी दोन्ही यायला हवीत, आणि मापासाठी शेजारी रुपयाचं नाणं ठेवा.