मुलांना कामं द्या, पण वाटणी त्यांनाच करू द्या

आमच्या घरी तीन मुलं. थोरली आठवीत, मधला सहावीत, धाकटा दुसरीत. सासूबाई सोबत असतात, आम्ही दोघंही नोकरीला जातो. कामाची वाटणी आई करते तोवर मुलं "मलाच का?" विचारणारच, आणि त्यांचं विचारणं रास्तही असतं. म्हणून वाटणी त्यांच्याच हातात द्यायची. कशी, ते सांगते.

आधी एका रविवारी सगळ्यांना बसवून यादी करा. मुलांना केर, भांडी, कपडे एवढंच आठवतं. मग आपण विचारायचं, दळण कोण आणतं? घंटागाडीची गाणी ऐकू आली की ओला-सुका कचरा घेऊन खाली कोण पळतं? मेथी कोण निवडतं? आम्ही सोलापूरचे, नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे पाण्याच्या दिवशी पिंपं, हंडे, कळश्या भरून झाकणं लावणं हे एक स्वतंत्र काम आहे, आणि ते यादीत सगळ्यात वर.

आता या यादीतून ज्याची त्याची कामं खोडा. आपलं ताट उचलणं, आपलं अंथरूण काढणं, दप्तरातून डबा काढून विसळायला टाकणं. ही कामं मोजायची नाहीत आणि कुणावर ढकलायचीही नाहीत. उरली ती घराची कामं.

घराच्या प्रत्येक कामाला मुलांकडून एक ते पाच गुण घ्या. काम किती नकोसं वाटतं, त्याचे हे गुण. कामाला किती वेळ लागतो त्यावर जाऊ नका. मोरीच्या जाळीतलं खरकटं काढायला दोन मिनिटं लागतात, पण आमच्याकडे तिघांनीही त्याला पाच दिले. दळण आणायला बराच वेळ जातो, तरी मधल्याने एक दिला, कारण सायकल काढायला मिळते. तिघांच्या गुणांची बेरीज त्या कामापुढे लिहायची.

मग वाटे. थोरलीने या बेरजा बघून कामांचे तीन सारखे वाटे करायचे. धाकट्याने आधी उचलायचा, मग मधल्याने, आणि उरेल तो थोरलीचा. नारळाची वडी वाटताना आपल्याकडे हेच करतात. जो वाटे करतो त्याला शेवटी उचलायचं असतं, त्यामुळे तो वाटे आपोआप सारखे करतो. पुढच्या महिन्यात वाटे मधला करेल. धाकट्यासाठी एवढंच, की प्रत्येक वाट्यात त्याला झेपेल असं काही हवं आणि त्याच्या वाट्यातलं जड काम मोठ्यांपैकी कुणीतरी आपल्या हलक्या कामाशी बदलून घ्यायचं. उकळतं दूध, कुकर, विळी, संडासात टाकायचं ॲसिड यांच्या जवळपास त्याला जाऊ देऊ नका. ॲसिड तर मोठ्या मुलांच्याही वाट्याला नको.

त्याच वाट्यांतून दर आठवड्याला पुन्हा उचलायचं, पण उचललेला वाटा आठवडाभर तोच ठेवा. रोज पाळी बदलली की "काल मी केलं होतं" यातच संध्याकाळ जाते.

काम झालं म्हणजे काय, हे आधीच ठरवा. यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. "ओटा पूस" म्हटलं की मूल मधला दिसणारा भाग पुसतं आणि पळतं. मुलाला शेजारी उभं करून एकदा सगळं करून दाखवा. शेगडी उचलून खालचे फोडणीचे डाग, मागच्या टाइल्सवर उडालेलं तेल, सिंकच्या कडेला साचलेलं पाणी, आणि शेवटी फडकं साबणाने धुऊन, पिळून, दांडीवर पसरून. फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकलं असेल तर ओटा झालेला नाही. हे चार टप्पे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मग आपल्याला ओरडावं लागत नाही, कागदाकडे बोट दाखवलं की पुरतं. आणि मूल ते करून गेल्यावर त्याच्या देखत पुन्हा पुसू नका.

मुलगा-मुलगी हा भेद वाट्यात येऊ देऊ नका. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं आला, पुरुषांचा ९७. त्यात सहा वर्षांपासूनची मुलंमुलीही धरली होती. ही दरी घरातच पडते, तीही पाहुणे आल्यावर "बाळ, पाणी आण" असं मुलीकडे बघून म्हणण्यातून. आमच्याकडे त्या आठवड्यात ज्याचा पाण्याचा वाटा, तोच तांब्या-पेला आणतो. सासूबाईंना नातवाने भांडी घासलेली आधी रुचली नाहीत. मी वाद घातला नाही, कढई कशी घासायची हे त्यालाच शिकवा म्हटलं. आता राखेने तळ कसा निघतो यावर त्या दोघांचं बोलणं चालतं.

कामाचे पैसे देऊ नका. घर सगळ्यांचं आहे, त्याची मजुरी कुणी कुणाला द्यायची?

परीक्षेच्या दिवसांत अदलाबदल चालते, मात्र ती कॅलेंडरवर लिहायची आणि परीक्षा संपल्यावर फेडायची. आजारपणातलं काम फेडायचं नाही, ते आम्ही मोठे करतो.