जुन्या मिजेट रेसरची कारकीर्द कशी जुळवावी

इंडियानापोलिस ५००च्या, म्हणजे अमेरिकेतल्या ५०० मैलांच्या मोठ्या शर्यतीच्या, निकालांपासून सुरुवात करू नका. मी तीच चूक केली आणि १९३०च्या दशकातला मिजेट ड्रायव्हर बॉब स्वान्सन हातचा निसटता निसटता राहिला. तिथे त्याच्या नावावर फक्त तीन वर्षं दिसली, १९३७, १९३९ आणि १९४०. सर्वांत वरचा क्रमांक सहावा. मी पान उलटून पुढे गेलो.

मिजेट म्हणजे बुटकी, एका माणसापुरती रेसगाडी. कॅलिफोर्नियात १९३३ मध्ये या गाड्यांच्या संघटित शर्यती सुरू झाल्या, आणि १९३४ मध्ये लॉस एंजेलिसला पाव मैलाचा गिलमोर स्टेडियमचा ट्रॅक आला. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाला, तिथे झालेली पहिली टर्की नाइट ग्रां प्री ही मिजेट शर्यत स्वान्सनने जिंकली. शोध इथून सुरू करा.

वहीत हंगामाला नव्हे, प्रत्येक रात्रीला एक ओळ द्या. तारीख, ट्रॅक, गाडीचा मालक, हीट (आधीची छोटी शर्यत), फीचर (त्या रात्रीची मुख्य शर्यत). हीट जिंकणं म्हणजे रात्र जिंकणं नव्हे. मी सुरुवातीला दोन्ही एकत्र मोजले आणि अख्खी वही पुन्हा लिहावी लागली. इंजिनाचा रकाना तर विसरूच नका. आधी कुणी मोटरसायकलचं इंजिन बसवी, कुणी चक्क बोटीचं आउटबोर्ड. १९३४ मध्ये ऑफेनहाउसरचं छोटं इंजिन आलं आणि ते ज्याच्या गाडीत, त्याचं पारडं जड. एखादा ड्रायव्हर अचानक जिंकू लागला, तर आधी बॉनेटखाली काय होतं ते बघा, मग त्याचं कौतुक करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दुसऱ्यांच्या नावाखालीही शोधा. तेव्हा ड्रायव्हर थकला की मध्येच दुसरा बसे, पण निकालात नाव पहिल्याचंच. १९३७च्या इंडियानापोलिस ५००मध्ये ड्रायव्हर राल्फ हेपबर्न २.१६ सेकंदांनी हरून दुसरा आला. त्या गाडीत मधला काही वेळ स्वान्सन होता. १९३९ मध्ये तिथेच तो पुन्हा हेपबर्नच्याच गाडीत होता. ती घसरली आणि त्या अपघातात आदल्या वर्षीचा विजेता फ्लॉइड रॉबर्ट्स गेला. दोन्ही वेळा यादीत नाव हेपबर्नचं.

सहावा क्रमांक ३० मे १९४०चा. पुढच्याच महिन्यात ओहायोतल्या टोलेडोला स्वान्सनचा मृत्यू झाला, मिजेटच्याच अपघातात. माझ्या वहीतली शेवटची ओळ तीच. तिथे क्रमांकाचा रकाना रिकामा आहे.